मुलांच्या वजनासाठी प्रोबायोटिक पावडर: डबा उघडून, लेबल वाचून, वापरून

पाचपैकी दोन तारे, आणि तेही पोट साफ व्हायला थोडी मदत झाली म्हणून. वजनासाठी वेगळे तारे द्यायचे असते तर एकही दिला नसता.

मी फार्मासिस्ट आहे, मिरजेत आमचं मेडिकल आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. सांगली जिल्ह्यातूनच नाही, तर कर्नाटकातूनही पेशंट इथे येतात आणि जाताना औषधाच्या काउंटरवर थांबून मनातलं विचारून घेतात. हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. आई किंवा बाबा मोबाइल पुढे करतात, त्यावर हसऱ्या मुलाचं चित्र असतं आणि विचारतात, "मॅडम, ही मुलांचं वजन कमी करायची पावडर तुमच्याकडे मिळते का?" ज्या प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंच्या पावडरीबद्दल मी लिहिते आहे ती माझ्या नणंदेने ऑनलाइन मागवली होती, तिच्या नऊ वर्षांच्या मुलासाठी, ओमसाठी. ब्रँडचं नाव लिहीत नाही. अशा प्रकारचे चार-पाच डबे मी आजवर हातात घेऊन पाहिलेत, नावं वेगळी असली तरी मजकूर थोड्याफार फरकाने तोच. त्यामुळे तुमच्या घरात जो डबा असेल तो समोर घ्या आणि पुढचं वाचा.

डब्यात दोन-दोन ग्रॅमची तीस पाकिटं, स्ट्रॉबेरीच्या चवीची. किंमत १,२९० रुपये, म्हणजे दिवसाला ४३ रुपये. पाकीट फाडलं की गुलाबीसर पांढरी भुकटी निघते, दुधाच्या पावडरीसारखा वास येतो, जिभेवर आधी गोड आणि मागाहून किंचित आंबट लागते. मुलं कुरकुर न करता खातात. पॅकिंग चांगलं आहे, पाकिटाला ओल लागत नाही. डब्याच्या पुढच्या बाजूला 'पोटाचं आरोग्य', 'प्रतिकारशक्ती' आणि त्याखाली 'वजन संतुलनास साहाय्य' असं लिहिलंय. शेवटच्या ओळीवर बारीक फुली आहे. ती फुली मागच्या बाजूला कुठे जाते ते शोधायला मला दुकानातलं भिंग काढावं लागलं. तिथे लिहिलंय: संतुलित आहार आणि व्यायामासोबत. त्याच्याच खाली, कायद्याने छापावंच लागतं म्हणून, 'औषधी वापरासाठी नाही'. ही ओळ प्रत्येक पालकाने वाचावी. न्यूट्रास्युटिकल, म्हणजे पोषणपूरक अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या मालावर ती असते. पुष्कळ जण मला सांगतात, "एफएसएसएआयचा नंबर आहे ना त्यावर, मग सरकारने पास केलेलंच असणार." एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, आणि तो चौदा आकडी नंबर म्हणजे कंपनीचा अन्न परवाना. त्या पावडरीने मुलाचं वजन उतरतं हे कोणी तपासून पाहिलंय, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता मागच्या बाजूचा तक्ता. प्रति पाकीट १० अब्ज जिवाणू असा आकडा मोठ्या अक्षरांत आहे. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण शेजारी 'उत्पादनाच्या वेळी' असं लिहिलंय. आपल्याला हवा असतो तो आकडा मुदत संपतानाचा, कारण मूल पावडर खातं ते कारखान्यात नव्हे, घरी, काही महिन्यांनी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम अशी सहा नावं आहेत, पण एकाच्याही पुढे स्ट्रेनचा, म्हणजे त्या जातीतल्या नेमक्या वाणाचा, क्रमांक नाही. प्रोबायोटिकमध्ये सगळं काही स्ट्रेनवर असतं. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी नावाचा स्ट्रेन वर्षानुवर्षं अभ्यासला गेलाय, त्याच जातीचा दुसरा एखादा स्ट्रेन तेच काम करेल याची खात्री देता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली ती अशी, की पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात 'जिवंत', 'पुरेशा' आणि 'फायदा' या तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही स्ट्रेनची ओळख पटवणं ही पहिली पायरी धरली आहे. या डब्यावर ती पहिलीच पायरी नाही.

जिवंत राहण्याबद्दल आणखी एक. पार्सल आलं तेव्हा एप्रिलचा शेवट होता. सांगली-मिरजेचा एप्रिल ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. डब्यावर '२५ अंशांच्या खाली ठेवा' असं छापलेलं आणि डबा कुरिअरच्या गाडीत, गोदामात, डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत चाळिशीच्या उन्हात फिरून आलेला. कडकडीत दुधात विरजण घातलं की दही लागत नाही हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. कोरड्या पावडरीतले जिवाणू त्यापेक्षा चिवट असतात, इतक्या झटकन मरत नाहीत, पण उष्णतेत दिवस काढले की लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांची संख्या घटतेच. बॅसिलस गटातले जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचातल्या रूपात राहतात, त्यांना ऊन सोसतं. या डब्यात ते नव्हते. आमच्या दुकानात फ्रिजमध्ये ठेवायचा माल होलसेलरकडून बर्फाच्या पॅकसह येतो आणि तसा आला नाही तर मी परत पाठवते. ऑनलाइन मागवणाऱ्या आईला परत पाठवायचं कसं कळणार?

वजनाशी या जिवाणूंचा संबंध कुठून आला, तेही सांगायला हवं, कारण तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं, की लठ्ठ उंदराच्या आतड्यातले जिवाणू जंतुविरहित वाढवलेल्या उंदरात सोडले तर त्याच्या अंगावर जास्त चरबी चढते. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने माणसांच्या जुळ्या जोड्या घेतल्या, त्यातली एक बहीण लठ्ठ, दुसरी सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांत सोडले आणि लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर जास्त जाड झाले. विलक्षण काम आहे ते, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आशा वाटली होती आणि आजही त्या संशोधनाबद्दल आदर आहे. पण जंतुविरहित पिंजऱ्यातला उंदीर आणि भडंग-फरसाण, शिकवणी, मोबाइल यांच्यात वाढणारं आपलं पोर यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. कंपन्या ते अंतर एका वाक्यात ओलांडतात.

मुलांवर झालेले अभ्यासही आहेत. फिनलंडमध्ये तुर्कू इथे गरोदर बायांना बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही महिने जीजी स्ट्रेन दिला गेला आणि त्यांच्या मुलांवर दहाव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीच्या वर्षांत वजनवाढीला थोडा आळा बसल्यासारखं दिसलं, पुढे तो फरक टिकला नाही. २०२१ मध्ये इटलीत लठ्ठ आणि इन्शुलिनला दाद न देणाऱ्या मुलांना बिफिडोबॅक्टेरियम ब्रेव्हचे दोन ठरावीक स्ट्रेन दिले. इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, ही चांगलीच बातमी आहे. मात्र आहार दोन्ही गटांना आखून दिला होता आणि वजन दोन्ही गटांचं उतरलं, नुसत्या डमी पुड्या घेणाऱ्यांचंही. मला सगळ्यात बोलका वाटतो तो २०१७ चा कॅनडातल्या कॅल्गरीचा अभ्यास. तिथे ७ ते १२ वर्षांच्या ४२ मुलांपैकी एका गटाला सोळा आठवडे जिवाणू दिलेच नाहीत. दिलं ते त्यांचं खाणं, म्हणजे इन्युलिनसारखा तंतू, रोज ८ ग्रॅम. त्या मुलांच्या अंगातल्या चरबीचं प्रमाण घटलं.

जिवाणूंच्या अशा खाण्याला प्रीबायोटिक म्हणतात, आणि आमच्या डब्यावरही 'प्रीबायोटिक तंतूयुक्त' असं लिहिलेलं आहे. किती? प्रति पाकीट १०० मिलिग्रॅम. कॅल्गरीतल्या मुलाच्या एका दिवसाच्या मात्रेइतका तंतू मिळवायला ओमला रोज ऐंशी पाकिटं खावी लागली असती. त्याच जातीचा तंतू कांद्यात असतो, लसणीत असतो, गव्हात असतो. भाकरीबरोबर बुक्कीने फोडून खाल्लेला कांदा या पाकिटापेक्षा कितीतरी जास्त देतो. मी हे हिशोब करून नणंदेला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मग त्यांनी पुढं एवढ्या मोठ्या अक्षरांत का लिहिलंय?"

ओमचं सांगते. सुरू केली तेव्हा उंची १३६ सेंटीमीटर, वजन ४४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३.८. मोठ्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, मुलांत तो वयाप्रमाणे बघावा लागतो. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे वाढीचे तक्ते आहेत, ज्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रणी होते. त्यांत आपल्या मुलांसाठी रेषा मुद्दाम खाली धरल्या आहेत, प्रौढांच्या बीएमआय २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) यांच्याशी जुळणाऱ्या, कारण भारतीयांना कमी बीएमआयवरच साखरेचे आणि हृदयाचे त्रास गाठतात. ओम लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर होता. सासूबाई म्हणायच्या, "खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची निघाली की आपोआप बारीक होईल." हे वाक्य मी दुकानातही रोज ऐकते. काही मुलांत ते खरं ठरतं, पण त्यासाठी वजन थांबावं लागतं आणि उंची पुढे जावी लागते.

पावडर एप्रिलअखेरपासून गणपतीपर्यंत न चुकता दिली गेली. या काळात एक चांगलं झालं. ओमला दोन-दोन दिवस पोट साफ होत नसे, ते बऱ्यापैकी रोजचं झालं. त्याचं श्रेय पावडरीचं की त्याच सुमारास वाढवलेल्या पाण्याचं, ठाऊक नाही, पण तारे देताना मी ते धरलंय. वजन मात्र साडेसेहेचाळीसवर गेलं, उंची १३८. बीएमआय २४.४. आणि घरात एक गोष्ट घडली जी मला सगळ्यात जास्त खुपली: पावडर चालू आहे म्हणून बाकी सगळं तसंच राहिलं. संध्याकाळी शिकवणीला जाताना खारी आणि क्रीमची बिस्किटं, सकाळच्या दुधात चॉकलेटी पावडरीचे दोन मोठे चमचे, रात्रीचं जेवण टीव्हीसमोर आणि झोपायला साडेअकरा. नणंदेला वाटायचं, आपण काहीतरी करतोय. ४३ रुपये रोज खर्च करणारी आई निष्काळजी नसते. तिच्या काळजीचाच हा धंदा आहे आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो.

गौरीला ती माहेरी आली, तेव्हा ओम माझ्याजवळ पाट ओढून जेवायला बसला आणि मला त्याची मान दिसली. मानेच्या मागे काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा. बोट फिरवलं तर कातडी खरखरीत लागली. सासूबाई त्याला दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून घासायच्या, मळ साचलाय म्हणून. पोर रडायचं. तो मळ नसतो. अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात त्याला, अंगात इन्शुलिन जास्त वाहतंय याची ती खूण असते, आणि ती घासून जात नाही. तुमच्या मुलाचं वजन जास्त असेल तर आज त्याची मान आणि काखा बघा. तिथे असा पट्टा असेल तर पावडरीच्या आधी बालरोगतज्ज्ञ गाठा.

आम्ही गेलो. डॉक्टरांनी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), यकृताचं एसजीपीटी, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड बघितलं. साखर काठावर, एसजीपीटी वाढलेलं, थायरॉइड नीट. पावडरीचा डबा मीच बरोबर नेला होता. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हिने अपाय होणार नाही, पण याचं वजन हिच्यावर सोडू नका. आणि पोराला एकट्याला डाएटवर ठेवायचं नाही. बदलायचं ते घराचं ताट." वजन उतरवण्याचं उद्दिष्टही त्यांनी दिलं नाही. वाढत्या वयात वजन आहे तिथे धरून ठेवलं तरी उंचीबरोबर बीएमआय उतरतो, एवढंच समजावलं. मला ते फार पटलं, कारण मुलावर काट्याचं ओझं राहत नाही.

घरातून चॉकलेटी पावडर गेली, साखर घातलेले ज्यूसचे डबे गेले. सकाळी अंडं किंवा मोडाची उसळ, शाळूची भाकरी ताटात परत आली, संध्याकाळच्या भुकेला शेंगदाणे-फुटाणे आणि एखादं फळ. ताक रोज, घरच्या दह्याचं. घरच्या दह्यातही जिवंत जिवाणू असतात, कोणते आणि किती ते मोजलेले नसतात म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, आणि ताकाने वजन उतरतं असंही मी म्हणणार नाही. पण ते ज्या पेल्यात येतं त्या पेल्यात कोल्ड्रिंक येत नाही. जेवताना टीव्ही बंद झाला तो आजीच्या मालिकेसकट, हे सगळ्यात अवघड गेलं. झोप दहाच्या आत. या वयात नऊ तास तरी झोप लागतेच, आणि रोज साठ मिनिटं दमवणारी हालचाल हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. त्यासाठी वडील संध्याकाळी त्याला सायकलवर आमराईला घेऊन जायला लागले, आता तिथे त्याचे खेळगडी झालेत आणि वडिलांनी नाही म्हटलं तरी तो जातो.

पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू होताना वजन ४६, उंची १४२. बीएमआय २२.८. अजून रेषेच्या वरच आहे, पण एसजीपीटी खाली आलं आणि मानेचा पट्टा फिकट झालाय. या सगळ्या महिन्यांत पावडर बंद होती.

मग प्रोबायोटिक निरुपयोगी का? अजिबात नाही, मी स्वतः रोज विकते. अँटिबायोटिकमुळे मुलांना होणाऱ्या जुलाबांवर जीजी स्ट्रेन आणि सॅकरोमायसिस बोलार्डी यांचा उपयोग चांगला अभ्यासला गेलाय. बोलार्डी तर यीस्ट आहे, त्यामुळे अँटिबायोटिकने ते मरत नाही आणि दोन्ही एकत्र चालतात. डॉक्टरांनी त्यासाठी लिहून दिलं असेल तर बिनधास्त घ्या, मात्रा आणि दिवस ते सांगतील तसे. मात्र अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला असलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका. अशा बाळांत हेच जिवाणू रक्तात उतरू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल तसा स्पष्ट इशारा दिलेला आहे.

देशात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, २०१९-२१ ला ३.४ झालं. म्हणजे असे डबे घेणाऱ्या आया वाढतच जाणार. ४३ रुपयांत दोन अंडी, एक पेरू आणि मूठभर शेंगदाणे येतात आणि वर पैसे उरतात, हे मी प्रत्येकीला सांगते. काही ऐकतात. काही म्हणतात, "ते तर आहेच हो, पण सोबत ही पण द्यायला काय हरकत?" हरकत एवढीच, की घरातला पैसा आणि आईचा धीर या दोन्ही गोष्टी मोजक्या असतात.

मी कंपनीला ईमेल करून विचारलं होतं: सहाही जिवाणूंचे स्ट्रेन कोणते, मुदत संपताना किती जिवंत राहतात आणि मुलांच्या वजनावर हीच पावडर वापरून अभ्यास झालाय का. उत्तर आलं. त्यात दोन शोधनिबंध जोडले होते, एक उंदरांवरचा आणि एक मोठ्या माणसांवरचा, तोही वेगळ्याच जिवाणूचा. पहिल्या दोन प्रश्नांबद्दल काही नव्हतं. कंपनीला माझं सांगणं एवढंच: डब्यावर स्ट्रेनचे क्रमांक छापा, मुदतअखेरचा आकडा छापा आणि मुलांच्या डब्यावरून वजनाची ओळ काढा. एवढं केलंत तर पोटासाठीची पावडर म्हणून मी ती माझ्या दुकानात ठेवीन आणि इथले तारेही वाढवीन.